आधी ब्रेक, मग इंजिन

ट्रक घरी आला त्या आठवड्यात मी इंजिनाला हात लावला नाही. या कामातला माझा सर्वांत चांगला निर्णय तोच होता, असे आज तीन वर्षांनी मला वाटते. अनेक वर्षे बंद पडलेले वाहन दारात उभे राहिले की प्रत्येकाला आधी त्याचा आवाज ऐकायचा असतो, आणि ती ओढ मलाही होती. परंतु साडेचार टन वजनाचे एखादे वाहन स्वतःच्या बळावर निघू शकते आणि थांबू मात्र शकत नाही, ही अवस्था घराच्या आवारात फार धोक्याची असते. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला, की चारचौघांना दाखवण्यासारखे काहीही करण्याआधी सहाही चाकांचे ब्रेक पूर्ण करायचे आणि मगच इंजिनाकडे वळायचे.

हा ट्रक म्हणजे जीएमसीचा सीसीकेडब्ल्यू ३५३, दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैन्याचा अडीच टनी मालवाहू ट्रक. त्याच्या नावातील अक्षरांना अर्थ आहे. पहिला ‘सी’ १९४१ सालच्या आराखड्याचा, दुसरा ‘सी’ इंजिनाच्या मागे असलेल्या नेहमीच्या पद्धतीच्या कॅबचा, ‘के’ पुढच्या चाकांना मिळणाऱ्या शक्तीचा आणि ‘डब्ल्यू’ मागच्या दोन्ही एक्सलना मिळणाऱ्या शक्तीचा. ३५३ हा आकडा लांब चासी दाखवतो, ज्यात पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर १६४ इंच असते. १९४१ ते १९४५ या काळात असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. माझ्या ट्रकची कॅब बंद पत्र्याची आणि हौदा लाकडी आहे, तर डॅशबोर्डवरच्या पितळी पट्टीवर १९४३ हे साल कोरलेले आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात. पोलाद वाचवण्यासाठी लाकडी हौदे बसवायला सुरुवात झाली होती, आणि कॅनव्हासच्या छताची उघडी कॅब सर्रास दिसू लागायची होती, असा तो मधला काळ होता.

१९४४ साली निघालेली टीएम ९-८०१ ही या ट्रकची सैनिकी पुस्तिका मी कामाला लागण्यापूर्वी पूर्ण वाचून काढली. त्या काळातील अमेरिकन सैन्यात देखभालीच्या पाच पातळ्या ठरवलेल्या होत्या. पहिल्या पातळीची कामे चालकाने स्वतः करायची, दुसरीची तुकडीतल्या मेकॅनिकने, तिसरीची फिरत्या दुरुस्ती पथकाने, आणि चौथी-पाचवीची कामे मोठ्या कार्यशाळांत व्हायची. घरी काम करणाऱ्या माणसाने हीच विभागणी स्वतःसाठी वापरावी, असे माझे ठाम मत झाले आहे. तिसऱ्या पातळीपर्यंतचे जवळजवळ सर्व काम चांगले पाने, भक्कम घोड्या (उचललेला ट्रक टेकवण्याचे स्टँड), एक साखळी-कप्पी आणि भरपूर वेळ यांच्या जोरावर घरी होते. क्रँक घासणे, सिलिंडर बोअर करणे, ब्रेकचे ड्रम लेथवर फिरवणे ही कामे मात्र ज्यांच्याकडे ती यंत्रे आहेत त्यांच्याकडेच द्यावीत. आपल्या आवाराची हद्द कुठे संपते हे आधीच ठरवले, तर पुढचा मनस्ताप पुष्कळ वाचतो.

पाने इंची हवेत, हे सांगायला नको, पण ज्यांच्या हाती फक्त मिलिमीटरचे पाने आहेत त्यांनी ‘जवळपास बसतो’ म्हणून चालवून घेऊ नये. ऐंशी वर्षांच्या गंजलेल्या नटाचे कोपरे एकदा गोल झाले, की पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस लागतो. अडकलेला नट सोडवताना मी आधी त्याला तारेच्या ब्रशने उघडा करतो, गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर तसाच ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सोडवण्याच्या दिशेने जोर लावण्यापूर्वी केसभर आवळून पाहतो. या केसभर आवळण्याने आट्यांतला गंज तुटतो. तरीही तो हलला नाही, तर मग बर्नर काढतो.

नटांच्याच बाबतीत माझ्या हातून पहिले नुकसान झाले. डाव्या बाजूच्या मागच्या चाकाचे नट निघेनात, म्हणून मी पान्यावर लांब पाइप चढवून पूर्ण वजन टाकले आणि एक स्टड मुळापासून तुटला. नंतर उरलेल्या स्टडच्या टोकांवरचा रंग खरवडून पाहिला तेव्हा तिथे ‘एल’ हे अक्षर ठसवलेले दिसले. या ट्रकच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे मी तो नट सोडवत नव्हतो तर आवळत होतो. पुस्तिकेत हे लिहिलेले होते आणि मी ते वाचलेही होते, पण हात सवयीने चालले. त्या दिवसापासून मी प्रत्येक चाकाजवळ खडूने बाण काढतो आणि मगच पाना लावतो.

चाकांबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती मी अत्यंत गंभीरपणे लिहीत आहे. या चाकांचे टायर लोखंडी लॉक रिंगने जागेवर धरलेले असतात. रिंग गंजलेली असेल किंवा खाचेत नीट बसलेली नसेल, तर हवा भरताना ती तोफगोळ्यासारखी उडते आणि समोरच्या माणसाचा जीव घेते. चाक ट्रकवरून उतरवण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडावी, आणि जोडचाकांच्या बाबतीत आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही टायरांची सोडावी. हवा भरणे हे काम तर लोखंडी पिंजऱ्यातच व्हायला हवे. मी माझी दहाही चाके ज्यांच्याकडे पिंजरा आहे अशा टायरवाल्याकडेच नेली आणि त्यातल्या दोन रिंगा त्यांनी नापास केल्या. बाहेरून त्या दोन्ही मला धडधाकट वाटत होत्या.

आता ब्रेककडे येतो. सीसीकेडब्ल्यूचे ब्रेक हायड्रॉलिक असून पायाच्या जोराला हायड्रोव्हॅक नावाच्या निर्वात बूस्टरची जोड दिलेली आहे. इंजिन हवा आत ओढताना जी निर्वात पोकळी निर्माण करते, तिच्या साहाय्याने हा बूस्टर ब्रेक ऑइलचा दाब वाढवतो. रचना साधी आणि उत्तम आहे, पण तिच्यात एक गोष्ट कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्व चाकांसाठी तेलाची वाट एकच आहे. आजच्या वाहनांत दोन स्वतंत्र मार्ग असतात आणि एक फुटला तरी दुसरा अर्धे ब्रेक शिल्लक ठेवतो. इथे सहापैकी एका चाकाच्या सिलिंडरमधले रबर फाटले किंवा चासीवरून जाणारी एक नळी गंजून गळू लागली, तर पेडल फळीपर्यंत खाली जाते आणि सहाही चाके मोकळी होतात. म्हणून या ट्रकमध्ये ‘चार चाके बरी आहेत, दोन नंतर पाहू’ असा हिशेब करताच येत नाही.

ड्रम उघडले तेव्हा आत जे दिसले त्याने माझा नियम योग्य असल्याची खात्री पटली. सहापैकी चार व्हील सिलिंडरचे पिस्टन जागीच धरलेले होते, तेलाचा काळा डिंक झाला होता आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाने खड्डे पाडले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, आणि वाहन उभे राहिले की हा ओलावा सिलिंडरच्या तळाशी साचून लोखंड खात बसतो. असे सिलिंडर नुसते घासून नवी रबरे घातली तर ती काही महिन्यांत पुन्हा गळतात. मी ते बोअर करून आत स्टेनलेसच्या बुशा बसवून घेतल्या. नळ्या सर्व नव्या घातल्या, आणि तेल सिलिकॉनचे निवडले, कारण ते पाणी शोषत नाही आणि सांडले तर रंगही खात नाही. सिलिकॉनचे तेल आणि नेहमीचे तेल एकमेकांत मिसळता येत नाही, त्यामुळे हा बदल सगळी रबरे नवी असतानाच करावा. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर मी तेलाचा प्रकार रंगाने लिहून ठेवला आहे, पुढे हा ट्रक ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवण्याची अनेकांना सवय आहे, आणि ती सवय इथे फुफ्फुसांवर बेतू शकते. मी ड्रम उघडण्यापूर्वी फटीतून पाणी फवारले, योग्य मास्क लावला, ओल्या फडक्याने सगळे पुसून काढले आणि फडकी बंद पिशवीत घालून घातक कचऱ्याच्या ठिकाणी दिली. या एका बाबतीत घाई केली नाही याचे मला समाधान आहे.

हायड्रोव्हॅक मी दोनदा उघडला. पहिल्या खेपेला सगळे बाहेरून नीट दिसले म्हणून फक्त स्वच्छ करून बसवला, तर पेडल दाबल्यावर बारीक सूं असा आवाज येऊ लागला. आतले चामड्याचे सील सुकून आक्रसले होते. नवे सील तेलात भिजवून मऊ करूनच बसवावे लागते. दुसऱ्या खेपेला ते तसे बसवले आणि आवाज थांबला. अर्थात बूस्टरची खरी परीक्षा इंजिन चालू झाल्यावरच होणार होती, पण तोपर्यंत निदान पायाच्या जोरावर तरी चाके थांबत होती. ब्रेकच्या या कामाला एकूण आठ महिने लागले.

इंजिन त्यामानाने दयाळू निघाले. २६९.५ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ४.४ लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले हे पेट्रोल इंजिन २७५० फेऱ्यांना ९१ अश्वशक्ती देते. या आकाराला ही शक्ती आज फार थोडी वाटेल, पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, ६.७५ इतके कमी ठेवल्यामुळे ते हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही न कुरकुरता चालते, आणि युद्धभूमीवर तेच महत्त्वाचे होते. माझे इंजिन जाम होते. प्लग काढून मी प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचे पातळ तेल यांचे मिश्रण ओतले आणि ते तीन आठवडे तसेच मुरू दिले. त्यानंतर पुढून हँडल लावून जोर न करता मागे-पुढे हलवत राहिलो. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मुलीच्या हातात हँडल असताना ते बोटभर फिरले. तिने मला हाक मारली तेव्हाचा तिचा आवाज माझ्या लक्षात आहे.

फिरले म्हणून लगेच सुरू करायचे नाही, हे इथेही पाळले. आधी खालचा ऑइल चेंबर उतरवला. तळाशी दोन बोटे जाडीचा, जुन्या ग्रीससारखा गाळ बसला होता. पूर्वीची तेले असा गाळ तळाशी बसू देत, तर आजची तेले तो विरघळवून सगळीकडे फिरवतात. त्यामुळे चेंबर न उतरवता नवे तेल भरले असते, तर हा गाळ पंपाच्या जाळीत आणि तिथून बेअरिंगच्या वाटांत गेला असता. या इंजिनात बेअरिंगना तेल दाबाने पोचवले जाते, म्हणून वाटा मोकळ्या असणे ही जगण्यामरण्याची बाब आहे. बेअरिंगच्या वाट्या मोजल्या, त्या मर्यादेत होत्या. दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलले, टॅपेट लावले, पेट्रोल पंपाचा पडदा आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा घातला. प्लगच्या वायरी १-५-३-६-२-४ या क्रमाने जोडल्या.

आणि तरीही सेल्फ मारल्यावर इंजिन नुसते कण्हत राहिले. बॅटरी नवी होती, सेल्फ उघडून पाहिला होता, मग दोष कुठे? दोष माझ्या केबलमध्ये होता. हा ट्रक ६ व्होल्टचा आहे, आणि मी १२ व्होल्टच्या गाडीची केबल बसवली होती. तेवढीच शक्ती निम्म्या व्होल्टेजवर पोचवायची तर विद्युतप्रवाह दुप्पट लागतो. दुप्पट प्रवाहाने त्याच तारेतली व्होल्टची घट दुप्पट होते, आणि मुळातले व्होल्टच निम्मे असल्यामुळे तोटा प्रत्यक्षात चौपट भासतो. पुष्कळ लोक ६ व्होल्टला दुबळे म्हणून नावे ठेवतात आणि ट्रक १२ व्होल्टवर नेतात. माझ्या मते त्यातल्या बहुतेकांचा दोष व्होल्टेजमध्ये नसून बारीक केबल आणि रंगाने झाकलेले अर्थिंग (वीज चासीतून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) यांच्यात असतो. अंगठ्याएवढी जाड केबल घातली, चासीवरची आणि इंजिनावरची अर्थिंगची जागा लखलखीत घासली, आणि सेल्फ असा फिरला की मी दचकलो. त्याच दिवशी दुपारी इंजिन सुरू झाले. डायनॅमो मात्र चार्ज करीना, कारण फार काळ पडून राहिल्याने त्याच्यातले शिल्लक चुंबकत्व गेले होते. बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन ते परत आणावे लागले.

पुढच्या एक्सलबद्दल थोडक्यात लिहितो. वळणाऱ्या चाकांना शक्ती पोचवण्यासाठी या ट्रकांत रझेप्पा किंवा बेंडिक्स-वाइस या दोन प्रकारांचे सांधे वापरले जात. माझ्या ट्रकमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळ्या प्रकारचा सांधा निघाला, म्हणजे कधीतरी कोणीतरी दुसऱ्या ट्रकचा सुटा भाग काढून याला चालता केला होता. दोन्ही चांगले चालतात, म्हणून ग्रीस भरून मी ते तसेच ठेवले.

हे ‘तसेच ठेवणे’ हाच रंगाच्या वेळी माझ्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता. सोपा मार्ग असा, की सगळा पत्रा सँडब्लास्टिंगला द्यायचा, चकचकीत धातू परत आणायचा आणि नवा रंग मारायचा. मी तसे केले नाही. बॉनेटच्या बाजूला तळहाताएवढ्या जागी मी ओला पॉलिशपेपर गोलगोल फिरवत एकेक थर उघडत गेलो. ओला अशासाठी, की जुन्या रंगात शिसे असते आणि ती धूळ उडता कामा नये. वर राखाडी, त्याखाली निळा, त्याखाली पिवळसर प्रायमर, आणि सर्वांत खाली तो फिकटलेला ऑलिव्ह हिरवा, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे एकात एक. निळा आणि राखाडी हे युद्धानंतर लाकूड आणि माती वाहण्याच्या दिवसांचे रंग आहेत. हळूहळू पट्टा मोठा करत गेलो तेव्हा हिरव्यावर पांढऱ्या आकड्यांची पहिली रेघ दिसली, मग पूर्ण ४ हा आकडा. अमेरिकन सैन्याच्या नोंदणीत अडीच टनी ट्रकांचा क्रमांक ४ नेच सुरू होत असे. पूर्ण क्रमांक मोकळा करायला मला अकरा संध्याकाळी लागल्या. सँडब्लास्टिंगने तो दहा सेकंदांत नाहीसा झाला असता.

तो क्रमांक मी ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतला आणि त्याच मापाने, त्याच जागी पुन्हा रंगवला. दरवाज्यांची आतली बाजू आणि डॅशबोर्डची खालची बाजू मात्र जुन्याच रंगात सोडली आहे. तिथे गंज थांबवून मेण लावले, बाकी काही नाही. गंजून भोके पडलेल्या जागी नवा पत्रा जोडला, पण ठोके आणि पोचे लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत केले नाहीत. रंग पूर्ण निस्तेज घेतला. चमकणारा हिरवा रंग डोळ्यांना बरा दिसतो, पण विमानातून दिसू नये म्हणून ज्या वाहनावर मुद्दाम चमक नसलेला रंग दिला जात होता, त्याच्यावर तो खोटा आहे.

२५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या नावाने जी अखंड मालवाहतूक चालली, तिच्यात हेच ट्रक मोठ्या संख्येने होते. २९ ऑगस्ट या एका दिवसात सुमारे सहा हजार वाहनांनी बारा हजार टनांहून अधिक माल पोचवला, आणि त्या चालकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश आफ्रिकन-अमेरिकन सैनिक होते. माझा ट्रक त्या रांगेत होता असा मी दावा करत नाही. पण ब्रेकचे पेडल दाबताना, क्लच दोनदा दाबून गिअर बदलताना, झोपेविना रात्री चालवणाऱ्या त्या माणसांचा विचार माझ्या मनात येतो, आणि पेडलच्या लोखंडावर डाव्या कडेला पडलेली झीज मी घासून काढलेली नाही.

सर्वांत शेवटी मागचे दिवे केले. शत्रूच्या जवळ रात्री चालताना नेहमीचे दिवे बंद ठेवून फक्त झाकलेले ब्लॅकआउट दिवे लावले जात. मागच्या ब्लॅकआउट दिव्यात बारीक लाल फटी अशा अंतरावर कापलेल्या असतात, की ६० फुटांच्या आत आलेल्या चालकाला चार ठिपके दिसतात, ६० ते १८० फुटांच्या दरम्यान दोन, आणि त्याहून दूर गेला तर एकच. दोन ठिपके दिसत राहिले, म्हणजे पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला तरी थांबायला जागा आहे.

काचा धुऊन, नवा बल्ब लावून, मी अंधार पडण्याची वाट पाहिली. मुलीने कॅबमध्ये बसून बटण ओढले आणि मी ट्रककडे तोंड करून रस्त्यावर मागे मागे पावले टाकत गेलो. साधारण सातव्या-आठव्या पावलापर्यंत चार ठिपके स्पष्ट होते, मग ते थरथरू लागले, आणि पंचविसाव्या पावलाच्या सुमारास माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे दोन झाले. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो. नंतर रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, जिथून एकच लाल ठिपका दिसत होता, आणि तिला ओरडून सांगितले, की आता ब्रेक दाब.